पोटातली विजार

आमचा दादा शिंपी होता आणि मीही शिंपीच आहे, पण दुकानात कुणी "मास्तर" अशी हाक मारली की मान त्याने वर करायची, असा आमच्यात न ठरवता ठरलेला नियम होता. मी धाकटे मास्तर. केस पिकले, डोळ्यांवर जाड भिंगं आली, तरी धाकटाच. कापायचं काम त्याचं, शिवायचं बरंचसं माझं. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं काम त्याचं आणि कपडा वेळेवर झाला नाही म्हणून बोलणी खायचं माझं. मी तापट आहे. हे मीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वहिनी सांगतीलच.

दादाची एक खोड होती. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला आम्ही शिंपी माया म्हणतो. बाकीचे बोटभर माया सोडतात, दादा दोन बोटं सोडायचा. मग कापड पुरायचं नाही आणि माझं डोकं फिरायचं.

"अरे, माणूस आहे तो," दादा म्हणायचा. "आज काटकुळा आहे, उद्या अंग धरेल. उसवून मोठं करता आलं पाहिजे."

"मग उद्या नवीन शिवायला येऊ दे की! धंदा करतोस का दानधर्म?"

तो हसायचा आणि खडूची रेघ आणखी थोडी बाहेर ओढायचा. गिऱ्हाइकंही चेष्टा करायची, की मास्तर, तुमच्या कपड्यात कापडापेक्षा माया जास्त. त्याला ते फार आवडायचं.

कोट, सदरे, गणवेश असं सगळं मी शिवत असलो तरी विजार मात्र तो स्वतः शिवायला घ्यायचा. खिडकीजवळचं पायमशीन त्याचं. मी माझ्या मशीनला मोटर बसवली तेव्हा त्याच्याही मशीनला बसवू म्हटलं, तर ऐकेना. "हाताला नाही रे, पायाला कळतं टाका कुठे थांबवायचा ते." दिवसभर त्या लोखंडी पट्टीवर त्याचे दोन्ही पाय डुलत असायचे. दुकानात शिरण्याआधी रस्त्यावरूनच त्या मशीनची खडखड ऐकू यायची.

पहिल्यांदा ते पाय बिघडले तेव्हा आम्हाला कळलंच नाही. घरून दुकानात चालत येताना तो वाटेत थांबायला लागला. बेकरीसमोर थांबायचा, भांड्यांच्या दुकानासमोर थांबायचा, घड्याळजीच्या काचेसमोर तर चांगला वेळ काढायचा. घड्याळजी शेवटी मला म्हणाला, "थोरल्या मास्तरांना एखादं घड्याळ पसंत पडलेलं दिसतंय. विचारून बघा." घड्याळ कसलं! त्याच्या पोटऱ्यांत गोळे येत होते. थांबलं की कमी व्हायचे, चाललं की पुन्हा. कुणाला कळू नये म्हणून हा आपला काचेत बघत उभा. बिड्या ओढून ओढून पोटातली मोठी रक्तवाहिनी बुजत आली होती आणि पायांना रक्तच पोचत नव्हतं.

तेव्हाच्या सर्जनने कागदावर चित्र काढून दाखवलं. बेंबीच्या वर एक नळी जोडायची, तिच्या खाली दोन फांद्या, एक उजव्या जांघेत, एक डाव्या. दादाने चित्र हातात घेतलं आणि म्हणाला, "ही तर विजार!"

सर्जन भला माणूस, तोही हसला. नळी कापडाचीच असते म्हणाला, विणलेली, पॉलिस्टरची. झालं! दादाचा जीव भांड्यात पडला. कापड म्हटल्यावर तो आपल्या घरात आला. "आटणार नाही ना?" त्याने विचारलं. सर्जन म्हणाला, आटत नाही, उसवत नाही. "मग शिवा," दादा म्हणाला.

ऑपरेशन झालं, बिड्या सुटल्या, पाय परत आले. मशीनची खडखड सुरू झाली. त्यानंतर कित्येक वर्षं दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्याने हा एकच विनोद ऐकवला, की बाहेर जगाच्या विजारी शिवतो आणि आत एक घालून फिरतो. वहिनी कपाळाला हात लावायच्या. "अहो, निदान बायकांसमोर तरी नको." पण त्याला अगदी कौतुक होतं त्या विजारीचं. घरात मात्र आम्ही सगळे त्याला पोटाचं ऑपरेशन म्हणायचो. पोट चिरलं होतं, म्हणून पोटाचं. सरळ हिशेब.

त्यानंतरचं दुखणं नडग्यांत सुरू झालं. गुडघ्याखाली, समोरच्या हाडावर. चालताना नव्हे, बसल्या जागी. दोन्ही पायांना सारखंच. घोटे सुजले, कातडी तुकतुकीत झाली. मशीन चालवताना तो मध्येच पाय काढून घ्यायचा आणि जरा वेळाने पुन्हा ठेवायचा. खडखड तुटक तुटक यायला लागली आणि मला माझ्या शिवणावर लक्ष देता येईना.

नेहमीच्या डॉक्टरांनी वयावर ढकललं आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी भागेना, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फोटो काढला आणि नडगीच्या हाडावर बाहेरून नव्या हाडाचा पातळ थर चढलाय, असं सांगितलं. दादा तिथे काही बोलला नाही. डॉक्टरांपुढे तो नेहमीच हेडमास्तरांपुढे उभं केल्यासारखा बसायचा, हात मांडीवर, विचारेल तेवढंच उत्तर. बाहेर आल्यावर मात्र त्याने फोटो उजेडात धरला. "बघ, हाडाला अस्तर लावलंय कुणीतरी. आणि बऱ्या हाताने लावलंय."

वहिनींनी विचारलं, "म्हणजे झालंय काय?"

मी म्हटलं, "हाड वाढलंय."

आणि तेच नाव पडलं. चुकीचं काय होतं त्यात? हाडावर हाड चढलं म्हणजे वाढलंच की. पण हाड वाढणं ही आमच्याकडे किती किरकोळ गोष्ट! ज्याला त्याला हाड वाढलेलं असतं. घड्याळजीच्या टाचेचं हाड वाढलेलं, बेकरीवाल्याच्या मानेचं, वहिनींच्या आईच्या तर दोन्ही टाचांचं, आणि त्या नव्वद वर्षं जगल्या. "हाड वाढलंय होय? मग काही नाही. गरम पाण्याने शेका, मऊ चपला घाला," असं सगळे सांगायचे. सांगणाऱ्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही. भीतीचा शब्दच नव्हता तो.

पुढच्या डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? वहिनी म्हणाल्या, हाड वाढलंय. त्यांनी आधी टाच दाबून बघितली. मग विचारलं, पूर्वी काही ऑपरेशन? दादा म्हणाला, पोटाचं. अपेंडिक्स का? "नाही, जरा मोठं." बाहेर माणसं ताटकळत होती. डॉक्टरांनी मान हलवली, दुसऱ्या गोळ्या लिहून दिल्या आणि टाचेखाली घालायला मऊ गाद्या. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, ते हे असं.

त्याचे कपडे माझ्याकडेच दुरुस्तीला यायचे, त्यामुळे मला दुखणं विजारीवर दिसायला लागलं. आधी मोहरी, म्हणजे विजारीच्या पायाचं खालचं तोंड, सैल करून दे म्हणाला, घोट्यावर दाटते. मी माया उसवली आणि सैल केली. पुन्हा दाटली, पुन्हा केली. तिसऱ्या खेपेला माया संपली आणि मी बाजूने पट्टी जोडली. त्याच वेळी कंबर मात्र आत घ्यावी लागत होती. अंग झडत चाललं होतं, संध्याकाळी अंगात कसर असायची, जेवण दोन घासांवर आलं होतं.

"खालून हत्ती, वरून काडी," तो म्हणाला. "माझी विजार उलटी होत चाललीय बघ."

मी हसलो नाही. "गप बस," म्हटलं आणि टाचण्या लावत राहिलो. त्याच्या पायाची बोटं तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितली. टोकाला फुगली होती, नखं गोल उचललेली. हात मात्र होते तसेच, लांबसडक, कात्री धरणारे.

शेवटी कुणीतरी सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. तरुण होत्या, पण घाई नव्हती त्यांना. पाय बघितले. मग हात टेबलावर ठेवायला सांगितले. हात बघितले, पुन्हा पाय बघितले. जुना फोटो दिव्यावर लावला आणि बराच वेळ त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. हाताचाही फोटो काढून आणवला. त्यात काहीच नव्हतं.

"असा थर कधी कधी फुप्फुसाच्या दुखण्यात चढतो," त्या म्हणाल्या. "पण मग हातांवरही दिसला असता. तुमचे हात अगदी चांगले आहेत. काका, फक्त या दोन पायांतच असं काय आहे?"

बाई इतक्या साधेपणाने बोलत होत्या की त्याला बहुधा दुकानात बसल्यासारखं वाटलं असावं. तो एकदम हसला आणि म्हणाला, "पायांत काय असणार डॉक्टर? विजार! बाहेर एक आणि आत एक."

"अहो!" वहिनी म्हणाल्या.

पण बाई हसल्या नाहीत. "आत म्हणजे?"

मग दादाने सांगितलं. चित्र, कापड, दोन फांद्या, दोन जांघा, सगळं. इतकी वर्षं जो विनोद त्याने साऱ्या रस्त्याला ऐकवला होता, तो या दुखण्यातल्या एकाही डॉक्टरच्या कानावर पडलेला नव्हता. बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा बदललेला मी बघितला.

त्यांनी आम्हाला समजेल असं सांगितलं. त्या कापडाच्या नळीत जंतू बसले असले, तर ते कित्येकदा पोटात काहीच दाखवत नाहीत. ना दुखत, ना सुजत. पण नळी ज्या अंगाला रक्त पोचवते, त्या अंगाच्या हाडांवर असा थर चढतो. वरचे हात साफ आणि खालचे पाय असे. असं नेमकं का होतं, ते डॉक्टरांनाही पुरतं ठाऊक नाही. "फार क्वचित दिसतं," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा फक्त वाचलंय. माझं चुकत असेल तर बरंच आहे."

त्यांचं चुकलं नव्हतं. स्कॅनमध्ये कापडाभोवती पू होता, हवेचे बुडबुडे होते, आणि आतड्याचा एक पदर त्या कापडाला चिकटला होता.

दादाला दाखल केलं. आता सर्जन नवे होते. ते म्हणाले, आतडं इतकी वर्षं कापडावर घासत राहिलं असणार. कापडात जिवंत रक्त नसतं, म्हणून औषध तिथे पोचत नाही. ठेवलं तर एक दिवस आतड्यात रक्त फुटेल आणि मग काही करायला वेळ मिळणार नाही. काढायचं तर सगळंच काढावं लागेल, मूळ रक्तवाहिनीचं तोंड शिवून बंद करावं लागेल आणि पायांसाठी खांद्याकडून कातडीखालून नवी नळी आणावी लागेल. त्यात पाय जाऊ शकतात. जीवही जाऊ शकतो.

मी विचारलं, "चूक कुणाची?" मला हवं होतं कुणीतरी. पहिला सर्जन, गोळ्यांचा डॉक्टर, मऊ गाद्यांचा डॉक्टर, कुणीही. जन्मभर मी भांडून मोकळा झालेला माणूस.

"कुणाची नाही," सर्जन म्हणाले. "होतं असं कधी कधी."

असं कुणी म्हटलं की माणसाने करायचं काय? मी बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभा राहिलो. माझे हात नुसते लोंबत होते, आणि त्यांना करण्यासारखं त्या इमारतीत काहीही नव्हतं. शिंप्याचे हात कधी असे रिकामे राहत नाहीत. मला रडू आलं आणि त्या रडण्याचाही राग आला.

परत आलो तेव्हा वहिनी दादाच्या उशाशी बसल्या होत्या. दादा म्हणाला, "ये. सांग, उसवायचं का?"

"मी काय सांगू दादा? मला काय कळतं?"

"उसवलेलं कापड नव्यासारखं राहत नाही," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पण कुजलेलं आत ठेवून वरून इस्त्री तरी किती दिवस फिरवायची?"

वहिनी म्हणाल्या, "पाय गेले तरी चालतील. तुम्ही घरी या म्हणजे झालं."

"तुला चालतील," तो म्हणाला, "मला कसं चालता येईल?" आणि स्वतःच्या विनोदावर हसला. मग त्याचा चेहरा एकदम लहान पोरासारखा झाला. "मला भीती वाटतेय रे," असं तो माझ्याकडे बघून म्हणाला. थोरला भाऊ असं कधी म्हणाला नव्हता. मी त्याचे सुजलेले घोटे हातात धरून बसलो. दुसरं काय करणार होतो?

ऑपरेशनला सगळा दिवस गेला. संध्याकाळी सर्जन बाहेर आले, घामाघूम झालेले. कापड काढलं, नवी नळी चालू आहे, पाय गरम आहेत, असं म्हणाले. मी विचारलं, "जुने टाके उसवले होते का?" त्यांना प्रश्न कळायला वेळ लागला. "नाही," ते म्हणाले. "एकही नाही. शिवण चांगली होती."

आणि मग जे झालं, त्यावर आमचा विश्वास बसेना. दोनच दिवसांत पाय दुखायचे थांबले. गोळ्यांना, शेकाला, गाद्यांना जे इतका काळ जुमानत नव्हतं, ते आपलं आपण उठून गेलं. सूज रोज उतरत होती. डॉक्टरीणबाई मुद्दाम भेटायला आल्या, नडगी दाबली, "दुखतं?" दादा म्हणाला, "दाबा की अजून!" त्या हसल्या, पण आम्हाला बाहेर बोलावून म्हणाल्या, आनंद करा, पण आत जिथे रक्तवाहिनीचं तोंड शिवलंय, ती जागा जंतूंत पोळलेली आहे. तिथली शिवण धरायला हवी. काही दिवस कठीण आहेत. आम्ही मान हलवली. खरं सांगायचं तर ऐकलं नाही. दादा अंथरुणात पडल्या पडल्या पाय हलवत होता, मशीनवर हलवायचा तसे. ते बघायचं सोडून कोण ऐकतं?

कातडीखाली बरगडीवरून ती नवी नळी गेली होती. त्याने माझा हात त्यावर ठेवला. आत थडथड चाललं होतं. "बघ, आता पट्टा लावलाय," तो म्हणाला. "खांद्यावरचा. विजार गेली, गॅलिस आली."

जायला निघालो तेव्हा त्याने मला थांबवलं. "माझी ती राखाडी विजार घेऊन जा. मोहरी पहिल्या मापावर आण. घरी जाताना ती घालीन. ते ठिगळाचं ध्यान घालून मी गल्लीत शिरणार नाही."

"आणि कंबर?"

"कंबर तू बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून मी आधी तेच काम घेतलं. पट्ट्या काढल्या, मोहरी जुन्या रेघेवर आणली. कंबरेपाशी थांबलो. कंबर फारच आत गेली होती, तिथल्या मापाने घेतली तर विजार पोराची दिसली असती. घरचं जेवण सुरू झालं की भरेल, असा विचार केला. मापापेक्षा जरा सैलच आत घेतली, आणि कापड कापून टाकलं नाही. आत दोन बोटं माया ठेवली. मग आणखी एक बोट. आणि हे सगळं मी माझ्या मशीनवर नाही, त्याच्या पायमशीनवर केलं. सवय नव्हती, टाका पळत होता, पण केलं.

इस्त्री करून, घडी घालून दुपारी गेलो. वॉर्डात त्याच्या पलंगाभोवती पडदा होता. वहिनी बाहेर स्टुलावर होत्या. त्यांनी माझ्या हातातली पिशवी बघितली आणि मला सगळं कळलं.

"बोलत होते हो भाऊजी," त्या म्हणाल्या. "पाण्याचा पेला हातात होता. पोटात काहीतरी झालं म्हणाले, आणि पांढरे पडले. सगळे धावले. सगळे."

आतली शिवण सुटली होती. सर्जन आले, काहीतरी म्हणाले, त्यांचेही डोळे लाल होते. भांडण मला त्या दिवशीही सुचलं नाही.

नर्सने विचारलं, घालायला घरचे कपडे आणलेत का? मी पिशवी पुढे केली. ती म्हणाली, आम्ही घालू. मी म्हटलं, नको, मी घालतो, मी त्यांचा शिंपी आहे.

पाय बारीक झाले होते. नडग्या सरळ, घोटे नीट दिसणारे, तरुणपणी होते तसे. विजार वर चढवली. मोहरी घोट्यावर बरोबर बसली, कुठे दाटली नाही, कुठे लोंबली नाही. कंबर मात्र सैल पडली. मी बोटांनी चाचपून बघितलं, तर ती आतली माया सगळी तशीच होती, दुमडलेली. ती उसवायला आता कुणी लागणार नव्हतं. मी कंबर मुठीत धरली, वहिनींनी टाचणी दिली, आणि टाचणी कुठे लावायची ते मला बराच वेळ सुचेना.